किणीच्या अलीकडे उभी राहिलेली गाडी

जुलै २०२१. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, वाहतूक बंद झाली आणि आमची बारा चाकी किणी टोलनाक्याच्या अलीकडे अडकली. माल पत्र्याच्या कॉइलचा, भरला कळंबोलीत, खाली व्हायचा होता गोकुळ शिरगावला. आनेवाडीचा, तासवड्याचा फास्टॅगचा मेसेज आला. किणीचा आलाच नाही.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ई-वे बिलं, म्हणजे माल वाहून नेताना लागणारे जीएसटीचे ऑनलाइन कागद, मी बघते. त्याच जानेवारीपासून त्यांच्या मुदतीसाठी दिवसाला १०० ऐवजी २०० किलोमीटर धरायला लागले होते, म्हणून कोल्हापूरच्या मालाला दोनच दिवस. मुदत रात्री बाराला संपते. वाढवता येते ती संपण्याआधीच्या आणि नंतरच्या आठ तासांत, म्हणजे दुपारी चार ते सकाळी आठ. कारणांच्या यादीत नैसर्गिक आपत्तीही आहे. पण वाढीव दिवस मिळतात उरलेल्या अंतरावर. उरले होते तीसेक किलोमीटर, म्हणून एकच दिवस! पाणी उतरेपर्यंत रोज पुन्हा ठिकाण, पिनकोड, गाडी नंबर. एका रात्री मुदतवाढ राहिली आणि पुढे जीएसटीच्या पथकानं धरलं, तर तेव्हाच्या नियमानं कर आणि तेवढाच दंड होता, वर गाडी जप्तीत. रस्ता सरकारनंच बंद केलेला, तरी एका खात्याचं दुसऱ्याला कळत नाही, याचा मला अजून राग येतो.

ड्रायव्हरमामा लातूरकडचे, गाडी स्वतःची, आमच्याकडे लावलेली, हप्ते चालू. जेवणाचं गावातल्या लोकांनी बघितलं. फोनवर एकच विचारायचे, "ताई, कागद चालू आहे ना?" परतीचं भाडं केव्हाच दुसऱ्या गाडीला गेलं होतं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं.

पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची सही, आल्यावर मालवाल्या पार्टीला हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी उभी राहिल्याच्या दिवसांचं, बिल लावलं. सोबत फास्टॅगच्या नोंदी, जीपीएसचा नकाशा, प्रत्येक मुदतवाढीची प्रिंट. पार्टी म्हणाली, "गाडी उभी होती हे आम्ही कुठं नाकारतो? पूर आमच्यामुळं आला का?" गाडी चार तास उशिरा पोचली की हीच पार्टी ह्याच जीपीएसवर भाड्यातून पैसे कापते. पूर्वी ड्रायव्हरचा शब्द आणि गेटवरची वही यांत वाद व्हायचा. आता मिनिटामिनिटाचा पुरावा आहे, तो चालतो मात्र एकाच बाजूनं. आमच्या शेठनी पार्टी तुटू नये म्हणून थोडक्यात मिटवलं. मामांच्या हातात आलं त्यात जेमतेम एक हप्ता गेला असेल.

आता बुकिंग घेतानाच मी लिहून मागते, रस्ता बंद पडला तर हॉल्टिंग कोण देणार. बहुतेक पार्ट्या तेवढी ओळ खोडून कागद परत पाठवतात.