चढ टाळणारा रस्ता

शेफिल्डहून मँचेस्टरकडे जाणारा जुना रस्ता कॅसलटनपर्यंत अगदी सुखाने येतो. होप व्हॅलीची रुंद हिरवी दरी, दगडी गडगे, त्यांच्या आत चरणारी मेंढरं. गाव संपतं तिथे दरीही संपते आणि समोर मॅम टॉर उभा राहतो. डर्बीशरमधला हा डोंगर सह्याद्रीवाल्यांना टेकडीच वाटेल. उंची 517 मीटर. पण माल लादलेल्या घोड्याला समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही, त्याला पायाखालचा चढ कळतो.

आणि चढ इथे भलताच होता. वर जायची जुनी वाट म्हणजे विनॅट्सची खिंड. दोन्हीकडे चुनखडीचे उभे कडे, मधून अरुंद घळ, आणि तिच्यात पाच फुटांना एक फूट असा चढ. चेशरमधलं मीठ घोड्यांच्या पाठीवर इकडूनच पूर्वेला जायचं. उतरणाऱ्याचे गुडघे आणि चढणाऱ्याचा श्वास, दोन्हींची परीक्षा. अठराव्या शतकात या वाटेवर टोल आला. त्या काळी पार्लमेंट एखाद्या मंडळाला कायदा करून अधिकार द्यायचं: रस्ता नीट ठेवा आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पैसे घ्या. पैसे घेण्याचा भाग सगळीकडेच चोख पाळला जात असणार, त्याबद्दल मला शंका नाही.

तरी टोल भरूनही घोडा दमणारच. म्हणून 1819 साली शेफिल्ड आणि चॅपल-एन-ल-फ्रिथ यांच्या टोलमंडळाने खिंड सोडली आणि मॅम टॉरच्या पूर्वेकडच्या उतारावरून नवा रस्ता काढला. मोठं वळण घेत, सावकाश चढणारा. भरावाला दगडमाती शेजारीच तयार होती. ओडिन ही शिशाची खाण तिथे मध्ययुगापासून चालू होती, आणि शतकानुशतकं बाहेर फेकलेला तिचा राडारोडा पडून होता. फुकटचा भराव, सोपा चढ, जास्त गिऱ्हाईक. हिशेब कागदावर सुरेख होता.

फक्त ज्या उतारावर तो आखला, तो उतार मुळात जागेवर नव्हता. ती तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोसळलेली, किलोमीटरभर लांबीची दरड होती, आणि ती अजून सरकत होती. आता हे कुणाला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. या डोंगराला लोक थरथरता डोंगर म्हणायचे. रस्ता व्हायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी थॉमस हॉब्जने एका लॅटिन कवितेत या मुलखातली सात आश्चर्यं मोजली, त्यात मॅम टॉर आहे. त्याची ख्याती हीच, की तो सारखा ढासळत असतो. थोडक्यात, डोंगराची खोड छापून प्रसिद्ध झालेली होती. तत्त्वज्ञाची कविता रस्त्याच्या कंत्राटदाराने वाचावी ही अपेक्षा जरा जास्त होते, हे कबूल. पण गावकऱ्यांना विचारलं असतं तरी चाललं असतं.

ढासळण्याचं कारण साधं आहे. वर वाळूच्या खडकाचे आणि शेलचे एकावर एक थर, खाली नुसता काळा शेल. शेल म्हणजे चिखलाचा झालेला खडक; पाणी मुरलं की तो पुन्हा चिखल व्हायला बघतो. त्यात पायराइट असतं, हवापाण्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं आणि खडक आणखी कुजतो. अभ्यासकांनी ही दरड मोजत ठेवली आहे. एरवी ती वर्षाला सरासरी पाव मीटरपर्यंत सरकते. आधीच्या सहा महिन्यांत 750 मिलिमीटरवर पाऊस झाला आणि वर एखाद्या हिवाळी महिन्यात 210 मिलिमीटरहून जास्त पडला, की तिचा वेग एकदम वाढतो. आंबोलीच्या माणसाला हे आकडे ऐकून हसू येईल. पण त्याच्या पायाखाली काळा कातळ आहे.

मग सुरू झाली डागडुजी. विसाव्या शतकातल्या मोठ्या दुरुस्त्यांची यादी आहे: 1912, 1933, 1946, 1952, 1966, 1974. रस्ता खचला की खड्डा भरायचा, वर डांबर ओतायचं, पुन्हा वाहतूक सोडायची. काही वर्षांनी पुन्हा तेच. आज तिथून चालत गेलं तर जिथे रस्ता फाटून खाली बसला आहे, तिथे या सगळ्या दुरुस्त्या कापलेल्या दिसतात. डांबर, खडी, पुन्हा डांबर. काही ठिकाणी सगळं मिळून माणसाच्या उंचीएवढं. भाड्याच्या खोलीच्या दाराला प्रत्येक भाडेकरूने जुना रंग न खरवडता नवा ऑइलपेंट फासावा, तसं. मला हा छेद शेजारच्या प्रसिद्ध गुहांपेक्षा जास्त आवडतो. गुहा पाण्याने केल्या. हे काम पूर्णपणे माणसाच्या हट्टाचं आहे.

आणि या हट्टात एक गंमत आहे, ती मला घरी नकाशा उघडून बसल्यावर लक्षात आली. हा रस्ता काढला घोड्यासाठी. मोटार आली तेव्हा चढाचा प्रश्न बराचसा मिटला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की विनॅट्सची खिंड कुरकुरत का होईना चढता येते. म्हणजे ज्या कारणासाठी सरकती जमीन पत्करली, ते कारणच निम्मं उरलं नव्हतं. तोवर मात्र रस्त्याला ए 625 असा नंबर मिळालेला, त्यावरून बस आणि ट्रक जायला लागलेले, अंदाजपत्रकात त्याची ओळ ठरून गेलेली. नंबर असलेला रस्ता सोडून द्यायला कुठल्याही सरकारी खात्याचा हात धजत नाही.

1977 साली एकच मार्गिका उरली. 1979 साली रस्ता कायमचा बंद केला. दरडीखाली कुणी सापडलं म्हणून हे घडलं नाही. खर्च परवडेना, एवढंच. एकशे साठ वर्षांनी मोटारी निमूटपणे परत जुन्या खिंडीत गेल्या. घोड्यांना नको झालेली ती उभी वाट चुनखडीवर बसलेली आहे, आणि ती हललेली नाही.

सगळे मात्र परतले नाहीत. खिंड अरुंद आणि उभी, तिथे वजनाची मर्यादा आहे. अवजड ट्रक लांबून वळसा घालतात. म्हणजे 1819 च्या मंडळींनी जी अडचण ओळखली ती खरीच होती, आणि ती आजही शिल्लक आहे. त्यांना मूर्ख म्हणणं मला म्हणूनच जड जातं. या डोंगरात रस्ता काढणाऱ्यापुढे उभी पण पक्की जमीन आणि सोपी पण सरकती जमीन एवढेच पर्याय होते, आणि घोड्याच्या जमान्यात कुणीही दुसराच घेतला असता. उत्तरेला काही मैलांवर स्नेक पासचा रस्ता आहे, दोनच वर्षांनी, 1821 मध्ये झालेला. तोही अशाच जमिनीवरून जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये लागोपाठ आलेल्या वादळांनी तो खचला आणि काही आठवडे बंद राहिला. मग दुरुस्ती करून पुन्हा सुरू केला.

घाई असलेल्या माणसाने रेल्वे धरावी. ती 1894 पासून मॅम टॉरच्या पाठीमागच्या ईडेल दरीतून जाते, पुढे कावबर्नच्या बोगद्यात शिरते आणि चढाच्या भानगडीत फारशी पडतच नाही.