अमेरिकेवर टाळ्या, पूर्व भागावर चुळबुळ

रविवार, रात्री

साहित्य महोत्सवातलं ‘स्थलांतर आणि राजकारण’ हे सत्र ऐकून आत्ताच घरी आलो. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात गर्दी बरी होती. वक्ते अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लेखक. माणूस बोलतो छान, कागद न बघता.

एच-वन-बीचं, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाचं गणित त्यांनी असं सांगितलं की शेजारच्या आजोबांनाही कळलं. वर्षाला ८५ हजार व्हिसे, अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून लॉटरी. ग्रीन कार्डात, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यात, एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं जागची हलत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. १९२४ च्या कायद्यानं आशियातल्या लोकांना दार जवळपास बंदच केलं होतं, ते १९६५ साली उघडलं, म्हणून आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ शकले. मग बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेच्या संसदेत पोचले आणि मालवणजवळच्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला, यावर टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. “सर, आमचे आजोबा करीमनगरकडनं मागावर कामाला आले. घरात आम्ही तेलुगू बोलतो. आमच्याबद्दल कायतरी सांगा की.” लोकांची चुळबुळ सुरू झाली. लेखक हसले आणि म्हणाले, “तो स्थानिक राजकारणाचा विषय झाला, मी साधा लेखक माणूस.”

इथे माझं डोकं फिरलं. मग तासभर ट्रम्पवर बोललात ते काय कीर्तन होतं?

उत्तर द्यायला लांब जायचीही गरज नव्हती. १८७७ साली सोलापुरात जुनी मिल निघाली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या, आणि निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर इकडे येत राहिले. शहराचा पूर्व भाग त्यांनीच वसवला. आजही नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, दसऱ्याच्या आधी बायका बतुकम्मा हा तेलंगणातला फुलांचा सण खेळतात, आणि निवडणूक आली की उमेदवार तिथे तेलुगूत दोन वाक्यं तरी पाठ करून जातो. मतं मागताना भाषा आठवते, सत्कार-समारंभात विसरते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आपण पाहुण्यांना कौतुकानं देतो. ती मागावर कोणाच्या हातून उतरली, हे सांगत नाही. ज्यांच्या नावानं ते सभागृह आहे, त्या १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावं बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. या गावात आधीपासून कोण राहत होतं, याचा हिशेब इंग्रजांनी इथे लावलेल्या मार्शल लॉच्या (लष्करी अमलाच्या) वेळी कोणी मांडला नव्हता.

आणि आता आपणच निघालोय. गिरण्या गेल्या, यंत्रमाग कसेबसे चाललेत. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पोरं भरून पुण्याला जाते. माझा भाचा हिंजवडीत आहे. खोली बघायला गेला तेव्हा मालकानं आधी विचारलं, “सोलापूरकडचे का?” आणि डिपॉझिट वाढवलं. वराडकरांसाठी टाळ्या वाजवणारे आम्ही, पुण्यात बाहेरचेच. वराडकरांचं कौतुक खरं असेल, तर पूर्व भागातल्या बाईला उत्तर देणं आपल्याला जमलं पाहिजे. लेखकानं राजकारणावर बोलू नये असं माझं म्हणणं नाही, उलट बोलावंच. पण टाळ्या मिळतात तेवढ्यापुरतं नको. (आयोजकांनीही पुढचा प्रश्न फार घाईनं घेतला, हे लिहून ठेवतो.)

बाहेर चहाच्या टपरीवर त्या बाई भेटल्या. मी म्हटलं, ताई, चांगला प्रश्न विचारलात. त्या म्हणाल्या, “पूर्ण कुठं विचारू दिला? माझा पोरगा कॅनडाला निघालाय. तिथं त्यानं महाराष्ट्र मंडळात जायचं का तेलुगू संघात, एवढंच विचारायचं होतं.”

माझा मित्र लगेच म्हणाला, “दोन्हीकडे जाऊ द्या ओ, दोन्हीकडे जेवण असतंय.”