पूर्व भागातली दुपार आणि अप्पांचे ग्राफ

अप्पा, माझे वडील, गेले तेव्हा भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच ऐकवलं, "सोनं झालं गं म्हाताऱ्याचं. नातवंडं बघितली, हातीपायी धड गेले. रडायचं नाही." या बोलण्याचा मला तेव्हा राग आला होता आणि वर्षभर तो काही उतरला नाही. 87 वर्षं जगलेल्या माणसासाठी रडू नये, असं कुठे लिहिलंय? उलट माणूस जितकी वर्षं सोबत राहतो तितकी त्याची सवय घराच्या हाडात मुरते. यंदा जानेवारीत वर्षश्राद्धासाठी मुलाला घेऊन सोलापूरला गेले ती हा राग बरोबर घेऊनच.

पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. ही अप्पांची गाडी. नातू झाल्यापासून ते सकाळच्या हुतात्माने पुण्याला यायचे, पिशवीत ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि गाठ मारलेलं पंच्याचं गाठोडं. ऐंशी ओलांडली तरी एकटेच. "गाडीचं नाव हुतात्मा का?" असं नातवाने एकदा विचारलं, तेव्हापासून त्याला चारही नावं पाठ आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. अप्पांच्या वडिलांनी तो मार्शल लॉ डोळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे दर 12 जानेवारीला अप्पा फुलं घेऊन चार हुतात्मा चौकात जायचे. यंदा ती फुलं माझ्या मुलाने वाहिली. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसेल म्हणून तो आधी खिडकीला चिकटून होता, पण तोवर अंधार पडला. कुर्डुवाडी, मोहोळ, मग सोलापूर. श्राद्ध नीट पार पडलं, पान वाढलं, कावळाही लगेच शिवला.

भोगीच्या दिवशी अक्षता सोहळ्याला गेलो. सिद्धेश्वरांची ही यात्रा नऊशे वर्षांची म्हणतात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात 68 लिंगांची स्थापना केली, आणि त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. तेच लग्न दर वर्षी संमती कट्ट्यावर लागतं. बाळीवेशीतल्या हिरेहब्बूंच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला एकेक जण तो उंच, जड ध्वज कमरेला पट्टा बांधून तोलत अनवाणी चालतो. गर्दी भयंकर. सावली कुठेच नाही, उभं राहून पाय भरून येतात, लहान मुलं घुसमटतात. तरी संमती, म्हणजे या लग्नाची कानडी मंगलाष्टकं, सुरू झाली आणि "दिड्डम् दिड्डम्, सत्यम् सत्यम्" असा गजर उठला की अंगावर काटा येतोच. अप्पा मला इथे खांद्यावर घेऊन उभे राहायचे. कानडी संमतीतलं त्यांना फारसं कळत नसे, पण अक्षता नेमक्या कधी टाकायच्या हे पक्कं ठाऊक. संक्रांतीला होम पाहिला, होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, मुलाने पाळण्यात बसून घेतलं.

पण मला सांगायचंय ते संक्रांतीनंतरच्या दुपारचं.

साखर पेठेतल्या एका चादर कारखान्यातून आईला निरोप आला होता. अप्पा तिथे काम करायचे, पण त्यांचं सगळं तारुण्य गिरणीत गेलेलं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या गिरण्यांच्या भोंग्यावर सोलापूरची घरं उठायची, जेवायची, झोपायची. अप्पा विणाई खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली, आम्ही भावंडं शिकत होतो आणि हक्काचे पैसे कित्येक वर्षं अडकून पडले. त्या वयात त्यांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजातल्या एका कारागिराकडे जाऊन जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणारी भोकांची कार्डं पाडायचं काम शिकून घेतलं. गुरू वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

कारखान्यात शिरलो तर माग चालू होते, कानठळ्या बसवणारा खडखडाट. मालक तरुण, घरात तेलुगू बोलणारा. त्याने मोठ्या आवाजात विचारलं, "अक्का, चहा घेणार का? मास्तर हितंच बसायचे की, ह्या खिडकीत." अप्पांना तिथे मास्तर म्हणायचे, हे मला त्या दिवशी कळलं. मुलाने विचारलं, चादरीवर मोर येतो कसा? तर त्याने हात धरून त्याला मागाजवळ नेलं. वर जकार्ड, त्यातून दोऱ्याने ओवलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ उतरलेली. कार्डाला भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा दोरा वर येतो. भोक नसेल तो दोरा खालीच. मधून आडव्या दोऱ्याचा धोटा जातो, कार्ड पुढे सरकतं, पुढची ओळ. एका मोराला अशी शेकडो कार्डं. एक भोक चुकीचं पडलं तर तो डाग प्रत्येक मोरात, प्रत्येक चादरीत उमटणार. सोलापुरी चादर उलटी केली तरी तीच नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. पुण्यात रस्त्यावर 'सोलापुरी' म्हणून भलतीच चादर गळ्यात मारतात, तेव्हा अप्पा आधी ती उलटून बघायचे आणि न बोलता खाली ठेवायचे.

आता नवीन डिझाइनं संगणकावर होतात, म्हणून मालकाने जुनं कपाट रिकामं करायला काढलं होतं. त्यातल्या एका पत्र्याच्या पेटीत अप्पांचे ग्राफपेपर. बारीक चौकटी, लाल पेन्सिलीने एकेक भरलेली. मोर, कमळ, हत्ती, काठाची वेलबुट्टी. कडेला त्यांच्या अक्षरात आकडे. मी मोराचा कागद उचलला आणि सहज उलटला. मागे हिशेब होता.

"ताई हॉस्टेल 300. ताई मेस 450. दूध. भाडे. थोरल्याची परीक्षा फी. चप्पल, पुढच्या महिन्यात."

दुसरा कागद उलटला. कमळ. मागे पुन्हा हॉस्टेल, मेस, दूध, भाडे. "चप्पल, पुढच्या महिन्यात." हत्तीच्या मागेही तेच. तीन महिन्यांचे तीन कागद, आणि तिन्हींवर ती चप्पल पुढे ढकललेली. त्या वर्षी मी हॉस्टेलवरून पत्र पाठवून मैत्रिणींसोबत महाबळेश्वरला जायला पैसे मागितले होते. ते आले होते. कुठून आले असतील, हे तो हत्तीचा कागद हातात घेऊन उभी असताना उमगलं. मागांच्या खडखडाटात मी मोठ्याने रडले आणि कोणालाही ऐकू गेलं नाही, फक्त मुलाने दंडाला धरलं.

मालक कागद द्यायला तयार होता, पण मोराचा नाही. "अक्का, मोर अजून खपतो. कार्डं मास्तरांनी पाडलेलीच चालवायलोय मी. ग्राफ असू द्या, एखादं कार्ड फाटलं तर?" मला ते फार आवडलं. मोर त्याच्याकडेच ठेवला, त्याच मोराच्या दोन चादरी घेतल्या. पैसे घेईना, तेव्हा जरा भांडावं लागलं. अप्पांनी कधी कुणाचं फुकट घेतलं नाही, त्यांच्या मोराचे पैसे मी बुडवणार नव्हते.

घरी येऊन आईसमोर कागद पसरले. ती चश्मा लावून एकेक वाचत गेली. मुलगा तिच्या मांडीला टेकून म्हणाला, "आजी, मग आजोबांनी चप्पल घेतली कधी?"

"दिवाळीला," आई म्हणाली. "आणि तीही स्वतः नाही. तुझ्या मोठ्या मामाने पहिल्या शिकवणीच्या पैशातनं आणली, तर त्याच्यावर चिडले. म्हणाले, वह्या घ्यायच्या सोडून माझ्या पायाचं काय पडलंय तुला?" मग ती बोलतच सुटली. रात्रपाळीवरून येताना ते गल्लीच्या तोंडाशीच सायकलची घंटी धरून ठेवायचे, का तर आमची झोप मोडू नये. थोरल्याला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून त्यांनी ग्राफ भरले. तो हत्तीचाच असावा, असं तिचं म्हणणं. आई हे सांगत होती त्या रात्री नळाला पाणी यायचा दिवस होता. दोन वाजता पाणी आलं, तरी आम्ही जागेच होतो. दादाने मोटर लावली, मी पिंपं धुतली, मुलगा घागरी देत राहिला आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढची गोष्ट सांगत होती.