घर्षण ६ न्यूटन, हे कोणी सांगितलं?

एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांचं गणित आलं, की माझ्याकडे सदाशिव पेठेत शिकायला येणारी अकरावीची मुलं पहिली ओळ हमखास लिहितात: घर्षण बरोबर म्यू एन, म्हणजे घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात ते सांगणारा आकडा) गुणिले त्यांच्यातलं लंब बल. तिथेच मी त्यांना पेन खाली ठेवायला सांगते.

खाली ३ किलोचा ठोकळा, वर २ किलोचा. जमीन गुळगुळीत, दोघांमधला घर्षणांक ०.३, जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, १० धरा. खालच्याला १० न्यूटननं ओढलं. म्यू एन येतं ०.३ गुणिले २०, म्हणजे ६. ते समीकरणात घातलं, की वरच्याचं त्वरण ३ येतं आणि खालच्याचं १.३३. म्हणजे ओढलाय खालचा आणि पुढे पळतोय वरचा! असं उत्तर पाहूनही मुलं निवांत पान उलटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

६ न्यूटन ही कमाल मर्यादा आहे. स्थितिक घर्षण, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर घसरत नसतानाचं घर्षण, लागेल तेवढंच येतं. म्हणून आधी दोघं एकत्र जातात असं धरायचं: ५ किलोला १० न्यूटन, त्वरण २. वरच्याला एवढं त्वरण द्यायला ४ न्यूटन पुरतात. ४ मर्यादेच्या आत, म्हणजे घर्षण ४. आणि तेही पुढच्या दिशेनं, कारण वरच्याला पुढे नेणारं दुसरं आहेच कोण? बस सुटते तेव्हा उभ्या प्रवाशाच्या पायांना पुढे नेतं ते हेच.

सुताराकडून करून घेतलेले दोन ठोकळे आणि बल मोजणारा एक ताणकाटा माझ्याकडे कायम असतो. खालचा घट्ट धरायचा आणि वरचा हळूहळू ओढायचा. काटा चढत जातो, ठोकळा ढिम्म हलत नाही. मग एकदम सुटतो आणि काटा थोडा खाली येतो. तो चढता काटा म्हणजेच बदलतं घर्षण. ते डोळ्यांनी पाहिलं की वेगळं समजवावं लागत नाही. ठोकळा आडवा ठेवा नाहीतर उभा, मर्यादा जवळपास तीच येते. फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे हेच मांडलं होतं.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न यानंतरचा. तेच ठोकळे, पण ओढायचा वरचा. आता घर्षणाच्या जोरावर जायचंय खालच्याला, आणि तो जड. ६ न्यूटन त्याला जास्तीत जास्त २ चं त्वरण देणार. म्हणजे दोघं एकत्र जातात ते फक्त १० न्यूटनपर्यंत. खालचा ओढला तर हीच मर्यादा १५ ची, कारण तेच ६ न्यूटन २ किलोच्या ठोकळ्याला ३ चं त्वरण देऊ शकतात. मुलं पुन्हा पुन्हा आकडे तपासतात.

वरच्याला १२ न्यूटन लावले की मात्र तो घसरणारच. गतिक घर्षणांकही, म्हणजे घसरत असतानाचा घर्षणांकही, ०.३ च धरला तर खालच्याचं त्वरण २, वरच्याचं ३. इथे बिनधास्त ६ लिहा.