जूनमधली गुरुपौर्णिमा

न्यू जर्सीतल्या आमच्या कथक वर्गाची गुरुपौर्णिमा आषाढात कधीच झाली नाही. आषाढ लागेपर्यंत शाळांना सुट्टी लागायची नि निम्मी मुलं आजोळी पोचलेली असायची. म्हणून जूनचा पहिला शनिवार ठरलेला. शाळेचं सभागृह तासांच्या भाड्यानं मिळे. धुराची घंटा वाजते म्हणून समई-उदबत्तीला मनाई, त्यामुळे नटराजापुढे बॅटरीचे दिवे. पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं होतं, मग त्या दिव्यांचीही माया जडली.

वर्ग घेणाऱ्या आमच्या ताई पुण्याच्या. कथक नर्तकी रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली सुरू केलेल्या नृत्यभारतीत त्या शिकल्या. इथला वर्ग त्यांच्या घराच्या तळघरात भरायचा. उघड्या काँक्रीटवर तत्कार, म्हणजे तालात पाय आपटणं, केलं की गुडघे धरतात, म्हणून त्यांनी स्वतःच्या खर्चानं लाकडी जमीन घालून घेतली होती.

कार्यक्रमापेक्षा मला आठवते ती त्याआधीची दुपार. ओक ट्री रोडवरून आणलेले गजरे ओल्या रुमालात, पिना कुणाच्या तरी दातांत, आणि मी जमिनीवर बसून मुलींच्या पायांत घुंगरू बांधतेय. लहानींना पन्नास-पन्नास, मोठ्यांना शंभर. दोरी घोट्यापासून वर गुंडाळत न्यायची. सैल राहिली तर घुंगरू घसरतात, करकचून आवळली तर पायाला मुंग्या येतात. वर त्या मुली पढंत करत, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं म्हणत उभ्या. त्यांतल्या एकीच्या मराठीत 'थ' आणि 'ठ' यांत फरकच नसायचा. 'थंडी'ची 'ठंडी' व्हायची. पण 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' म्हणताना तिचा 'थ' इतका स्वच्छ, की मी हातातली दोरी धरून ऐकत राहायचे.

पहिल्या दोन रांगा आजी-आजोबांच्या. सहा महिन्यांसाठी आलेली ही मंडळी एरवी दिवसभर घरात एकटी. त्या संध्याकाळी मात्र धोतर, पैठणी, अत्तर.

२००८ च्या ऑक्टोबरात रोहिणीताई गेल्या. पुढच्या जूनचा कार्यक्रम ताईंनी त्यांच्या स्मृतीला वाहिला होता. मोठ्या मुलींचा सोळा मात्रांचा तीनताल रंगात आला आणि ध्वनिमुद्रित लेहरा, म्हणजे साथीची फिरून फिरून येणारी सुरावट, बंद पडला. तबलाही त्यातच. क्षणभर सभागृहात फक्त घुंगरू. ताई विंगेतून मोठ्यानं बोल म्हणू लागल्या, आणि पहिल्या रांगेतल्या मिरजेच्या एका आजोबांनी ताल धरला. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उलटा. शेजारच्या आजींनी धरला, मग मागच्या रांगांनी, मग ज्यांना ताल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं अशा बाबालोकांनी. मुलींनी तिहाई, म्हणजे शेवटी तोच तुकडा तीनदा, घेतली ती नेमकी समेवर, पहिल्या मात्रेवर आली. टाळ्या ताल सोडून कडाडायला लागल्या तेव्हा ताईंनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. इतकी वर्षं पाहिलेल्या कार्यक्रमांत तो तीनताल मला सगळ्यांत सुंदर वाटतो, आजही.

बटाटेवड्यांचे ट्रे रिकामे व्हायचे, नऊच्या आत खुर्च्या लावून किल्ली द्यायची. बाहेर पार्किंगमध्ये मुली घुंगरू न सोडताच सपाता घालून पळत सुटायच्या, तो छमछमाट गाड्यांमधून घुमायचा, आणि मागून ताईंचा आवाज यायचा, "अगं, पायताणावर घुंगरू? आधी सोडा बघू! नमस्कार करा त्यांना."