आमची वाटचाल : चौकशीपासून वसुलीपर्यंत

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलिंग हाउसला, म्हणजे रस आटवून साखर करणाऱ्या विभागाला, लागणारे मॅग्माचे (साखरेचे दाणे आणि पाक यांच्या घट्ट मिश्रणाचे) आणि मळीचे पंप आम्ही बनवतो, जुन्या पंपांचे रोटर, शाफ्ट, बुश करून देतो. वडिलांनी सुरुवात केली ती लेथवरच्या जॉबवर्कने. आसपास फाउंड्र्या असल्यामुळे कास्टिंग हाताशी मिळायचं, आणि कारखाने सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव असे चहूबाजूंना. एखादा पंप हंगामभर विनातक्रार चालला की तिथले चीफ इंजिनिअर दुसऱ्या कारखान्यात आमचं नाव सांगायचे. बरीच वर्षं तेवढ्यावर काम मिळत गेलं.

या धंद्याचं वर्ष वेगळं असतं. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास संपतो. मग यंत्रं उघडली जातात, ओव्हरहॉलिंगच्या याद्या निघतात आणि चौकशा एकदम येतात. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होतं, त्याच्या आत माल पोचून बसला पाहिजे. उशिरा पोचलेल्या पंपाचा त्या हंगामात कारखान्याला उपयोग नाही. चौकशी, कोटेशन, ड्रॉइंगची मंजुरी, सगळ्या पुरवठादारांच्या दरांचा तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, पी.ओ. (खरेदीची लेखी ऑर्डर), ॲडव्हान्स, कास्टिंग, मशिनिंग, टेस्टिंग, डिस्पॅच हे सगळं पावसाळ्याच्या त्या चार-पाच महिन्यांत बसवायचं. खरेदी समितीची एक बैठक पुढे गेली की आमच्या फाउंड्रीवाल्याचं वेळापत्रकही पुढे जातं.

आमच्याकडे चौकशांचा तक्ता पहिल्यापासून होता. प्रत्येक कारखान्यासमोर सध्याची स्थिती लिहायची, ती बदलली की जुनी पुसून नवी लिहायची. अशा तक्त्यात आज काय आहे ते दिसतं, पण एखादं कोटेशन समितीपुढे कधी गेलं आणि तिथे किती दिवस पडून आहे, ते दिसत नाही. ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंनी एकदा सरळ सांगितलं, "दादा, आता काही खोडायचं नाही. बदल झाला की खाली नवी ओळ, नवी तारीख." एक्सेलच्या त्या साध्या शीटने आमच्या धंद्याची शिस्त बदलली, असं मी मनापासून म्हणतो.

टप्पे ठरवताना आम्ही एक नियम केला. टप्पा पुढे सरकतो तो कारखान्याने काही केलं तरच. आम्ही कोटेशन पाठवलं, फोन केला, भेटून आलो, हे आमचे कष्ट झाले, ऑर्डरची प्रगती नव्हे. चीफ इंजिनिअर साहेबांनी ड्रॉइंगवर सही केली, तुलनात्मक तक्त्यात आमचं नाव लागलं, एम.डी. साहेबांनी फाइल समितीपुढे ठेवली, की तारीख पडते. फील्डवरच्या मुलांना हे सुरुवातीला कडक वाटलं. पण त्यामुळे मीटिंगमध्ये "होईल साहेब, नक्की होईल" हे वाक्य कमी झालं.

दर महिनाअखेरीला संपूर्ण शीटची प्रत तारीख घालून बाजूला ठेवतो आणि तिला पुन्हा हात लावत नाही. मेअखेरची आणि जुलैअखेरची प्रत शेजारी ठेवली की धंदा कळतो. उघड्या कोटेशनांची एकूण रक्कम दोन्हीकडे जवळजवळ सारखी असू शकते, पण आतली कोटेशनं बदललेली असतात. काही पुढे गेलेली, काही पुन्हा ड्रॉइंगवर परत आलेली, काहींत दोन पंपांऐवजी एकच उरलेला. नुसत्या बेरजेवर विसंबून कास्टिंगची आगाऊ ऑर्डर देणं म्हणजे भांडवल अडकवणं. अपेक्षित पी.ओ.ची तारीख पुढे ढकलली गेली की तीही वेगळी ओळ होते. आमचा अनुभव असा, की एकदा ढकललेली ऑर्डर बहुतेकदा येते, पण दुसऱ्यांदा ढकललेली त्या हंगामात क्वचितच येते.

मिळालेल्या ऑर्डरींना किती दिवस लागले, एवढंच मोजलं तर चित्र खोटं दिसतं, हेही सांगायला हवं. अडकलेली कोटेशनं त्या सरासरीत येतच नाहीत. म्हणून आम्ही एप्रिल-मेमध्ये आलेल्या चौकशा एकत्र धरतो, जून-जुलैच्या वेगळ्या, आणि प्रत्येक गटातलं किती काम पुढे कुठवर पोचलं ते पाहतो. ऐन हंगामात रात्री पंप बंद पडून फोनवर येणाऱ्या ऑर्डरी या हिशेबात मिसळायच्याच नाहीत. तिथे गाळप थांबलेलं असतं आणि निर्णय तासाभरात होतो.

या तारखांची खरी किंमत डिसेंबर २०२३ मध्ये कळली. उसाचा रस आणि सिरप इथेनॉलसाठी वापरण्यावर केंद्राने ७ डिसेंबरला बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, तरी किती साखर इथेनॉलकडे वळवायची यावर मर्यादा राहिली. इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलरीच्या विस्तारासाठी दिलेली आमची कोटेशनं त्याच सुमाराला, एकाच टप्प्यावर थांबली. शीटवर ते लख्ख दिसत होतं, त्यामुळे कुणाही पोराला दोष द्यायचा प्रश्न आला नाही. २०२४ च्या ऑफ-सीझनला आम्ही वर्कशॉपचा वेळ जुन्या पंपांच्या दुरुस्तीकडे वळवला. ऑगस्टअखेरीला पुढच्या वर्षासाठी निर्बंध उठले, तेव्हा त्या थांबलेल्या ओळी आम्ही नव्या चौकशा म्हणून लिहिल्या नाहीत, जुन्या तारखांसकटच पुढे चालवल्या. नाहीतर पुढच्या वर्षी आमचाच हिशेब आम्हाला फसवणार होता.

आता शीट डिस्पॅचवर संपत नाही. कारखान्याने ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली ही तरतूद योग्यच आहे, शेतकऱ्याचं आधी. पण त्याचा अर्थ असा, की गाळप जोरात असताना पुरवठादाराचं बिल मागे पडतं. म्हणून बिल दिलं, बिल मंजूर झालं, पैसे जमा झाले, हेही टप्पेच. लघुउद्योगाचं देणं ४५ दिवसांत द्यायचं हा २००६ चा कायदा होताच. त्यात आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम आल्यापासून, मुदत उलटूनही मार्चअखेरपर्यंत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्स विभागातून स्वतःहून फोन येतात. आमचा उद्यम क्रमांक, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणीचा क्रमांक, प्रत्येक बिलावर ठळक छापलेला असतो.

यंदा मेमध्ये फाउंड्रीला कास्टिंगचा आकडा सांगताना मागच्या हंगामांच्या मेअखेरच्या प्रती समोर होत्या. दुरुस्तीच्या कामाला लागणारी बुश आणि शाफ्टसाठीचे बार आगाऊ घेतले. मोठ्या पंपांच्या बॉडी मात्र ड्रॉइंगवर सही झाल्याशिवाय ओतायच्या नाहीत, असं फाउंड्रीवाल्या काकांना सांगितलंय. डिस्टिलरीच्या कामांसाठी ताई आता वेगळी शीट तयार करतायत.