एका खाटेला एक सिस्टर

२६ जानेवारी २०२५, रविवार. झेंडावंदनाआधीच मला तीन सिस्टरांचे फोन येऊन गेले होते. तिघी पुण्याजवळच्या धायरी-नांदेड भागात खोली घेऊन राहणाऱ्या, आणि तिघींना जुलाब. एरवी मी विचारते, "औषध घेऊन दुपारपाळीला येता येईल का?" त्या आठवड्यात तसं विचारायची सोय नव्हती. किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या सगळ्या पट्ट्यातून गुलियन बॅरेचे पेशंट येत होते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. संशयितांचा आकडा शंभरावर गेला होता. बहुतेकांची हकीकत सारखीच: आधी पोट बिघडलं, ते बरं झालं, आणि मग काही दिवसांनी पायांतली ताकद गेली. नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जिवाणू सापडत होता. पेशंट जे नळाचं, विहिरीचं, टँकरचं पाणी पीत होते तेच माझ्या सिस्टरही पीत होत्या. पाण्याबद्दल त्या दिवसांत गावभर चर्चा होती, पण सिस्टर कुठे राहतात हे कुणी विचारलं नाही. मी तिघींना घरीच थांबायला सांगितलं. पायांना मुंग्या आल्या तर कुणाची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीला या, असं बजावलं आणि ड्यूटी लिस्टवरची तीन नावं खोडली.

दीडशे खाटांच्या एका खासगी रुग्णालयात मी मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख आहे. दारावरच्या पाटीवर पदाचं नाव लांबलचक आहे, पण मामा-मावशींपासून सर्जनपर्यंत सगळे मेट्रनच म्हणतात. लोकांना वाटतं मी राउंड घेते आणि युनिफॉर्म तपासते. प्रत्यक्षात माझा अर्धा दिवस एकाच हिशोबात जातो: कुठल्या मजल्यावर किती पेशंट, किती सिस्टर, आणि कमी पडली तर कुठून आणायची. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आम्हाला शिकत असल्यापासून पाठ असतं. अतिदक्षता विभागात एका खाटेला एक सिस्टर, सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात पाच पेशंटना एक, आणि या सगळ्यावर तीस टक्के रजाराखीव. हे तीस टक्के खासगीत मी आजवर पाहिले नाहीत. आमच्या व्यवस्थापनाच्या बैठकीत त्यांना 'जादा स्टाफ' म्हणतात. बाळंतपणाची रजा, परीक्षा, गावाकडचं लग्न आणि साधा ताप हे सगळं जणू कधी घडणारच नाही, असं धरून आमची मंजूर संख्या ठरते.

आठ खाटांच्या आयसीयूत त्या दिवशी तीन गुलियन बॅरे होते. दोन व्हेंटिलेटरवर. तिसरे बुवा. पन्नाशीचे, भजनी मंडळात गाणारे, सगळ्यांना 'माउली' म्हणणारे. शुक्रवारी आले तेव्हा गुडघ्याखाली ताकद जवळजवळ नव्हती, हाताची पकड ढिली होती, पण बोलणं खणखणीत. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, सुरू झालं होतं. वजन बासष्ट किलो, म्हणजे किलोला ०.४ ग्रॅमच्या हिशोबाने दिवसाला पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या, असं पाच दिवस. या बाटल्यांबाबत मी कुणालाही सूट देत नाही. फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. हलवायची नाही, फेस होतो. लाईन स्वतंत्र हवी, तिच्यात दुसरं काही मिसळायचं नाही. तासाला तीसेक मिलीपासून सुरुवात करायची आणि दर अर्ध्या तासाने बीपी, नाडी, थंडी, पुरळ पाहूनच वेग वाढवायचा. बॅच नंबरचं स्टिकर फाइलला लावायचं. एकेका बाटलीची किंमत हजारांत, आणि ती बहुतेक वेळा कुणीतरी दागिने ठेवून आणलेली असते.

या आजारात पायांपेक्षा मोठी भीती छातीची. श्वासाचे स्नायू हळूहळू थकतात, पण माणूस नेटाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सॅच्युरेशन शेवटपर्यंत चांगलं दिसतं. ते खाली येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही एक साधी गोष्ट करतो. पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि त्या एकाच दमात मोठ्याने अंक म्हणायला लावायचे, सेकंदाला दोन या गतीने. धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. वीसच्या खाली आलं की धोका. दर चार तासांनी हा आकडा चार्टवर चढतो. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, शेजारी उभं राहून ऐकणारं माणूस लागतं.

सकाळपाळीला बुवांकडे लातूरकडची एक मुलगी होती. जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून जेमतेम वर्ष झालेलं. अकराच्या सुमारास मी आयसीयूत गेले तेव्हा ती चार्ट हातात घेऊन उभीच होती. शनिवारी सकाळी शेहेचाळीस. रात्री एक्केचाळीस. रविवारी सकाळी सातला तेहेतीस. आणि आत्ता सव्वीस. तिने रेसिडेंट डॉक्टरांना सांगितलं होतं. उत्तर मिळालं होतं, "वीसच्या वर आहे ना? सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव आहे. बघू दुपारी." डॉक्टर वाईट नव्हते. छत्तीस तास जागे होते, आणि पुस्तकातली रेघ त्यांनी बरोबर लक्षात ठेवली होती.

ती मला म्हणाली, "मॅडम, हे गाणारे आहेत. यांचा दम मोठा आहे. दुसऱ्याचा सव्वीस आणि यांचा सव्वीस सारखा नाही. आणि सकाळपासून ते उशीवरून मान उचलत नाहीयेत."

मान उचलता न येणं ही खूण तिला कुणी वेगळी शिकवली नसावी. मान आणि श्वासाचा पडदा यांच्या नसा शेजारून निघतात, म्हणून मानेची ताकद गेली की श्वासाकडे धावायचं, हे मी कित्येक वर्षांनी शिकले. बुवांना मी विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "चरण पुरं होत नाही माउली, मधेच तुटतं." ते मनातल्या मनात अभंग म्हणून पाहत होते.

मी तिलाच फोन लावायला सांगितला, थेट कन्सल्टंटना. माझ्या नावाने फोन गेला असता तर लवकर उचलला गेला असता, हे मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी मी तिथे नसेन. फोनवर 'सर, पेशंट बरा वाटत नाही' असं म्हणायचं नाही, हे मी सगळ्यांना घोकून घेतलंय. आकडा सांगायचा, वेळ सांगायची, आधीच्यापेक्षा फरक सांगायचा आणि आपल्याला काय हवंय ते सांगायचं. ती म्हणाली, "सर, तीस तासांत शेहेचाळीसवरून सव्वीस. मान उचलत नाहीत, खोकला अशक्त आहे. तुम्ही येऊन बघावं." पलीकडे क्षणभर शांतता होती, मग "निघतो" ऐकू आलं.

सर आले. ब्लड गॅस झाला, कार्बन डायऑक्साइड चढू लागला होता. संध्याकाळी, सगळी तयारी करून, घाई न होता श्वासनलिकेत नळी घालायची आणि व्हेंटिलेटर लावायचा असं ठरलं. या तयारीत माझा जीव गुंततो, कारण बाहेरून ती कुणाला दिसत नाही. इंट्युबेशनच्या, म्हणजे नळी घालायच्या, ट्रेवर नेहमी स्कोलिन हे स्नायू सैल करणारं औषध असतं. या आजारात नसा तुटल्यासारख्या झालेल्या स्नायूंवर ते दिलं तर पोटॅशियम एकदम उसळून हृदय थांबू शकतं. भूलतज्ज्ञांना ते माहीत असतंच, तरीही मी अँप्यूल ट्रेवरून उचलून कपाटात ठेवायला लावलं. त्याऐवजी रोक्युरोनियम भरून, लेबल लावून ठेवलं. अ‍ॅट्रोपिन हाताशी, कारण या पेशंटांची नाडी नुसत्या सक्शननेही धाडकन खाली येते. आणि नळी गेल्यावर रात्रभर त्यांच्याजवळ फक्त त्यांच्यासाठी एक सिस्टर. बीपी कधी दोनशे, कधी ऐंशी. अशा माणसाला दुसऱ्या खाटेबरोबर वाटून देता येत नाही.

ही सिस्टर माझ्याकडे नव्हती.

लेबर रूममधून काढता येईना, तिथे दोघी प्रसूतीच्या वाटेवर होत्या. डायलिसिसची रात्रपाळी आधीच दोघींवर. राहिला दुसऱ्या मजल्यावरचा पुरुष सर्जिकल वॉर्ड. चोवीस पेशंट, दुपारपाळीला दोन सिस्टर. त्यांतल्या एकीने पूर्वी तीन वर्षं व्हेंटिलेटर सांभाळले होते. चार वाजता मी तिला वर नेलं. खाली उरली ती सहा वर्षं अनुभवाची, शांत, कामाला पक्की. तिला मी सांगितलं, "मी येते मधूनमधून, काही लागलं तर आधी मला फोन." ती फक्त म्हणाली, "ठीक आहे मॅडम, मी सांभाळते."

पावणेसहाला बुवांना नळी पडली. एकदाही सॅच्युरेशन हललं नाही. नाडी चाळीसवर आली, अ‍ॅट्रोपिन गेलं, वर आली. मी तिथे होते.

त्याच वेळेला खाली सकाळी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांच्या कॅथेटरमध्ये रक्ताची गाठ अडकली. सलाईन आत जातंय, बाहेर येत नाही. मूत्राशय फुगलं की वेदना कशा असतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आजोबा ओरडत होते, आणि सिस्टर चार खाटा पलीकडे एका नव्या ऑपरेशनच्या पेशंटपाशी होती, त्याचा बीपी पडत होता. तिने त्याला सोडलं नाही. वॉर्डबॉय मामाला आजोबांचं आत जाणारं सलाईन बंद करायला पाठवलं, डॉक्टरांना बोलावणं धाडलं, आणि बीपी सावरल्यावर स्वतः मोठी सिरिंज घेऊन गाठी धुऊन काढल्या. आजोबांना आराम पडला. पण तोवर चाळीसेक मिनिटं गेली होती, सहाची अँटिबायोटिक्स आठनंतर गेली, आणि आजोबांच्या मुलाने नर्सिंग स्टेशनच्या रिकाम्या खुर्चीचा व्हिडिओ काढला होता.

रिकामी खुर्ची म्हणजे सिस्टर पेशंटजवळ आहे. भरलेली खुर्ची दिसली की मला जास्त काळजी वाटते. पण वडील ओरडत असताना त्या मुलाने हे समजून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. त्याचा राग खरा होता. माझी तक्रार त्या रागाचं पुढे जे झालं त्याबद्दल आहे.

दोन आठवड्यांनी क्वालिटीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर दोन्ही गोष्टी होत्या, एकाखाली एक. पहिली: वेळेआधी धोका ओळखला, उत्तम परिचर्या, लातूरच्या मुलीला पुष्पगुच्छ आणि फोटो. दुसरी: उपचारात विलंब, कर्तव्यात हयगय, खालच्या सिस्टरला मेमो. मी तिथेच म्हटलं की या दोन घटना नाहीत, ही एकच घटना आहे. पहिलीतली खाट भरली ती दुसऱ्या मजल्यावरून माणूस काढून. तो निर्णय माझा, मेमो द्यायचा तर मला द्या. उत्तर आलं, "मॅडम, तुमच्यावर कुणी ठपका ठेवतच नाहीये." मी लेखी दिलं. त्याची पोच मिळाली, पुढे काही नाही.

त्या दिवशी मी दुसरं काही करायला हवं होतं का, हे अनेकदा तपासून पाहिलं. पुन्हा तसंच करेन. बुवांना सॅच्युरेशन पडेपर्यंत ठेवलं असतं तर नळी धावपळीत पडली असती आणि कदाचित ते आज नसते. बुवा मार्चमध्ये काठी टेकत घरी गेले, गळ्यावर ट्रेकिओस्टॉमीचा, म्हणजे श्वासासाठी पाडलेल्या छिद्राचा, व्रण आहे, आवाज परत येतोय. हे सगळं मला पटलेलं आहे. तरीही खालच्या सिस्टरने मेमोवर सही करताना विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं: "मॅडम, मला वर नेलं असतं आणि तिला खाली ठेवलं असतं, तर मेमो तिला मिळाला असता, एवढंच ना?"

होय, एवढंच. दोघींपैकी कुणी जास्त मेहनती नव्हती, कुणी निष्काळजी नव्हती. एकीने पूर्वी व्हेंटिलेटर सांभाळले होते म्हणून ती वर गेली.

खालच्या सिस्टरने राजीनामा दिला आहे. संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जाते, बी-टू पातळी झाली की तिकडे जाईल. पगाराचं मी तिला काय सांगणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली होती की शंभर ते दोनशे खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकांचा पगार सरकारी पगारापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावा. त्या शिफारशीची प्रत माझ्या खणात आहे. आमचा फरक दहा टक्क्यांचा नाही.

ड्यूटी लिस्टच्या रजिस्टरमध्ये मी आता पेनाने चार रकाने आखते: सिस्टर कुठून काढली, तिथे किती उरल्या, त्यांच्याकडे पेशंट किती, काढण्याचा निर्णय कुणाचा. खाली माझी सही, शेजारी ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची. दोघा-तिघा डॉक्टरांनी कुरकुर न करता सही करायला सुरुवात केली आहे, रेसिडेंटने सर्वांत आधी. हा तक्ता छापील करून इन्सिडेंट फॉर्मला जोडावा, म्हणजे विलंबाची नोंद होताना त्या वेळी वॉर्डात किती हात होते हेही त्याच कागदावर येईल, असा प्रस्ताव मी दिला आहे. तो मंजूर व्हायचा आहे. तिचं अनुभव प्रमाणपत्र मात्र मी स्वतः लिहिलं, त्यात २६ जानेवारीच्या दुपारपाळीत चोवीस पेशंट एकटीने सांभाळल्याचं नमूद केलं, आणि त्यावर सही-शिक्का करून घेतला.